दोन पेडलांची लिफ्ट

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले आणि डावा हात हवेत. अंकलना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी डिलिव्हरीच्या चलनावर सही घ्यायला गेले होते. हवेतला हात काही खाली येईना. मी दोनदा खाकरले, तेव्हा डोळे न उघडता ते म्हणाले, "जरा गप गं बाय. ती बोलतेय."

ती म्हणजे इंजिन. अंकलच्या जगात सगळी यंत्रं बायका होत्या आणि सगळ्या बायकांना काहीतरी सांगायचं होतं. तीन-चार मिनिटांनी त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला, सही केली आणि मला कोणी विचारलेलं नसताना सांगितलं, "मागचं बेअरिंग. आधी ऐकायचं, मग खोलायचं. इथे सगळे आधी खोलतात आणि मग ऐकायला काही उरतच नाही."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामात असताना राजे, कामाबाहेर चहाच्या कपालाही वाट विचारणारे.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमचं हायड्रॉलिक होजचं, म्हणजे यंत्रांच्या तेलनळ्यांचं, आणि सीलचं दुकान आहे. नवरा बाहेरच्या ऑर्डरी बघतो, काउंटर माझं. समोरच्या रांगेतल्या तिसऱ्या गाळ्यातल्या गॅरेजात अंकल फोरमन होते. वसईचे कॅथलिक, तिशीत इथे आलेले. माणसाला उंचावर नेणारी यंत्रं ही त्यांची खासियत: दिव्याच्या खांबापर्यंत जाणाऱ्या लिफ्ट, काचा पुसायचे पाळणे, गोदामातले प्लॅटफॉर्म. दुरुस्ती झाली की चाचणीला कोणीतरी वर जावं लागतं. अंकल कधीच जायचे नाहीत. जो समोर दिसेल त्याला पाळण्यात चढवायचे आणि म्हणायचे, "मशीन वर, मी खाली."

मी एकदा कारण विचारलं. त्यांनी लपवलं नाही. घरची वाडी होती, नारळाची आणि केळीची. बाप आणि तिघे भाऊ माडावर सरसर चढायचे. अंकल दहा वर्षांचे असताना बापाने त्यांनाही चढवलं. हा पोरगा अर्ध्यावर जाऊन थांबला. वरही जाईना, खालीही येईना. शेवटी मोठ्या भावाने पाठीवर घेऊन उतरवलं.

"तेव्हापासून घरात मला 'अर्धा माड' म्हणतात," अंकल म्हणाले. "अजून. नातवंडं झाली, तरी भाऊ फोनवर विचारतो, काय अर्ध्या माडा, कसा आहेस?"

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"खरं आहे ते. खऱ्याचं काय वाईट वाटायचं?"

ती लिफ्ट आली गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात, ट्रेलरवर आडवी पडून. आत वाळवंटातल्या धैद गावाच्या बाजूला खजुराचा मळा असलेल्या एका तरुण अरबाने पाठवली होती. त्याच्या वडिलांनी कधीकाळी ती जुनीच विकत घेतली होती, आणि बरीच वर्षं ती शेडमागे उभी होती. पुढे दोन मोठी चाकं, मागे एक लहान. मधे छोटं इंजिन आणि त्यातून निघालेला लांब हात, ज्याच्या टोकाला एक माणूस उभा राहील एवढा पिंजरा. फळबागेसाठी बनवलेलं यंत्र. पिंजऱ्यात उभं राहून माणूस स्वतःच ते झाडाझाडांतून चालवत नेतो, वर जातो, काम करतो, खाली येतो, पुढच्या झाडाकडे जातो. वाळवंटात ते कुठून कसं पोचलं, कोणाला माहीत नव्हतं.

मळ्याच्या मालकाला नवी लिफ्ट घेणं जड नव्हतं. पण त्याचे वडील दर शुक्रवारी "माझी लिफ्ट कुठाय?" विचारत, आणि मळ्यावरच्या बलोच चाचांचे गुडघे आता झाडावर चढू देत नव्हते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खजुराच्या मादी झाडांवर नर फुलोरा हाताने बांधावा लागतो, नाहीतर फळ धरत नाही. तोवर ती चालू हवी होती.

अंकल तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून माझ्या दुकानात आले. त्यांना बसायला सांगावं लागत नसे, पण त्या दिवशी ते उभेच राहिले.

"बाय, ही माझी शेवटची."

मला माहीत होतं. सदुसष्ट पूर्ण झाली होती, गॅरेजवाला पुढे व्हिसा वाढवणार नव्हता. गावाकडच्या त्यांच्या मुलाने तिकीटही काढून ठेवलं होतं. ईस्टरचा पवित्र सप्ताह सुरू व्हायच्या आधी घरी.

"मग करा की दुरुस्त. तुम्हाला काय कठीण?"

"दुरुस्त नाही. कंपनीतून आली तेव्हा जशी होती, तशी करायची. आयुष्यभर जुगाड केला. क्रेनला पिकअपचं स्टिअरिंग लावलं, ट्रकचा पंप बोटीला लावला. एक तरी जशीच्या तशी करून जायचं आहे."

मग त्यांचं संशोधन सुरू झालं. मी हा शब्द चेष्टेने वापरत नाही. त्यांनी शाळेची शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर क्रॉस काढून खाली "लिफ्ट" असं लिहिलं. यंत्रावरची कंपनीची पट्टी घासून सपाट झाली होती. त्यांनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यातला रंग नाण्याने हळूहळू खरवडला. पिवळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली निळा आणि सगळ्यांत खाली हिरवा. चार रंगांचा खपला त्यांनी वहीत सेलोटेपने चिकटवला. सुट्टीच्या दिवशी ते बर दुबईला एका जुन्या मशिनरीवाल्याकडे गेले, कारण त्याच्याकडे जुने कॅटलॉग आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "कॅटलॉग वाळवीने खाल्ले. मी जिलबी खाल्ली. खाडीतल्या अब्रा होडीत बसून परत येतोय."

शेवटी माझ्या मुलीने इंटरनेटवर न्यूझीलंडमधला एक म्हातारा शोधून दिला. सफरचंदांच्या बागेचा मालक, आणि अशा जुन्या लिफ्ट जमवण्याचा नाद असलेला. "मॉम, देअर आर टू ऑफ देम," ती म्हणाली, म्हणजे अंकलसारखाच आणखी एक, आणि खोलीत निघून गेली. त्याला इंग्रजीत मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. अंकल वही घेऊन काउंटरला उभे राहायचे, मी टाइप करायचे. रंग कुठला? टायर किती रुंद? इंजिनावर झाकण होतं का? तो म्हातारा सगळ्याची उत्तरं द्यायचा, सावकाश, दोन-दोन आठवड्यांनी. एकदा त्याने एक जुना फोटो पाठवला. हिरव्यागार लिफ्टच्या पिंजऱ्यात टोपी घातलेला माणूस, सफरचंदाच्या फांदीत दोन्ही हात घातलेला, गळ्यात फळांची पिशवी. पिंजऱ्याची पुढची फळी कमरेपर्यंत आलेली.

"हाच हिरवा!" अंकल एवढ्या मोठ्याने ओरडले की आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं.

तो फोटो मी मोठा छापून दिला. महिनाभर आम्ही दोघं तो बघत होतो. हिरवा रंग किती गडद, ते बघत होतो.

एकच गोष्ट आम्ही कोणाला विचारली नाही, कारण तिच्याबद्दल शंकाच नव्हती. पिंजऱ्याच्या तळाशी दोन लोखंडी पेडल होती, चपलेएवढी, ओतीव. त्यांवर ट्रकच्या टायरचं रबर तारेने बांधलेलं, आणि खालचा एक रॉड म्हणजे चक्क बांधकामाची सळई. ते बघून अंकलनी कपाळाला हात लावला. "हे बघ. कोणीतरी लिव्हर तोडून पाय लावलेत. आमच्याच जुगाडी जातीचा कोणी असणार." त्यांनी पेडल कापून काढली आणि भंगाराच्या पिंपात टाकली. त्या जागी हाताने चालवायची दोन लिव्हर आणि नवा व्हॉल्व्ह बसवला. व्हॉल्व्ह मीच विकला. चांगला व्हॉल्व्ह आहे, म्हणूनही सांगितलं. चांगलाच होता.

त्या दिवशी परत येताना मी पिंपातलं एक पेडल उचललं. वारा सुटला की माझ्या दुकानाचं दार आपटतं, त्याला अडवायला काहीतरी जड हवं होतं. दाराचा रंग खरवडू नये म्हणून मी त्यावर जुन्या टॉवेलचा तुकडा शिवला आणि ते दाराला लावून टाकलं. उपयोगाची वस्तू दिसली की मी विचारत बसत नाही.

मार्चच्या सुरुवातीला लिफ्ट तयार झाली. हिरवी, चकचकीत, कुठे तेलाचा थेंब नाही. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून अंकलनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "काही बोलत नाही. सुखात आहे." ट्रेलर पुढे आणि आमची गाडी मागे, असे आम्ही मळ्यावर गेलो. होजचा जोड गळला तर मी हवी, हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

मालकाचे वडील खुर्चीत बसून होते. लिफ्ट उतरताना पाहून त्यांनी काठी जमिनीवर दोनदा आपटली, म्हणजे पसंत पडली. बलोच चाचा कमरेला पट्टा लावून पिंजऱ्यात उभे राहिले, काखेत नर फुलोऱ्याच्या काड्यांची जुडी. लिव्हर ओढलं. लिफ्ट लोण्यासारखी वर गेली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग ते काम सुरू झालं आणि मी घड्याळाकडे बघू लागले. मादी फुलोऱ्याचा घोस एका हाताने उघडायचा, दुसऱ्या हाताने त्यात नर काड्या खोचायच्या आणि वरून झावळीच्या पातीने बांधायचं. चाचांना जरा डावीकडे सरकायचं असलं की एक हात सोडून लिव्हर धरावं लागे. हात सोडला की घोस मिटे. पात त्यांनी दातांत धरली होती. काड्या दोनदा खाली पडल्या. अर्ध्या तासात तीन घोस झाले.

ते खाली आले. सभ्य माणूस, आधी कौतुक केलं. "मशीन बहुत अच्छा है उस्ताद. बस, हाथ दो ही हैं।"

अंकल लिव्हर पुन्हा हलवून बघू लागले.

"पहले पाँव से चलता था ना," चाचा म्हणाले. "दोनों हाथ खाली."

"वो तो किसी ने बाद में लगाया था," अंकल म्हणाले. "ऊपर ट्रक का रबर बँधा था."

"रबर मैंने बाँधा था. गर्मी में लोहा तपता है, पाँव जलता था. सलिया भी मैंने डाली, पुराना टूट गया था. पाँव तो शुरू से थे."

हजारो मैलांवरच्या सफरचंदवाल्याला आम्ही पाच महिने प्रश्न विचारत होतो. तासाभराच्या रस्त्यावर बसलेल्या या माणसाला एकही नाही.

मालकाला काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. "उस्ताद, चलता है, अच्छा है. खलास!"

"खलास नहीं," अंकल म्हणाले. "गाडी में डालो. वापस ले जाएगा."

"आप का तो टिकट है," मालक म्हणाला.

"बारा दिन है."

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "फोटो दाखव." मी गाडी बाजूला घेऊन मोबाइलवर काढून दिला. टोपीवाला माणूस, फांदीत दोन्ही हात.

"दोन्ही हात झाडात आहेत, बाय. मग ती चालवतंय कोण? महिनाभर बघत होतो आपण."

"रंग बघत होतो."

"माझा बाप माडावर काय करायचा? पायांनी धरायचा आणि हातांनी काढायचा. कोयता हातात, नारळ हातात. झाड पायांत. हे मला कोणी शिकवायला पाहिजे होतं? वाडीतला माणूस मी!" मग म्हणाले, "पण मी वर गेलोच नाही ना कधी. खालून फक्त बापाचे तळवे दिसायचे."

मी गाडी चालू केली.

"आता ती पेडल कुठली मिळायला," ते म्हणाले. "भंगारवाल्याने कधीच वितळवली असतील. मापही घेतलं नाही मी. जुगाड म्हणून माप घेतलं नाही."

"एक नाही वितळलं."

"म्हणजे?"

"माझं दार अडवतंय. टॉवेलच्या आत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सायबा! संशोधन मी केलं आणि म्युझियम हिने उघडलं!"

पुढचे दिवस गॅरेजात दुसरं काही झालं नाही. टॉवेल उसवून पेडल बाहेर आलं. ते उजव्या पायाचं होतं. डाव्या पायाचं त्याचं आरशातलं रूप हवं होतं. अंकलनी पुठ्ठ्यावर ते काढलं, उलटं केलं, पुन्हा काढलं, जाड पत्र्यातून कापलं, वेल्डिंग केलं, कानस मारली. मी न्यूझीलंडला मेल केली: पायाखाली नेमकं काय होतं? या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. आठ फोटो, आणि वर एकच ओळ. पायांबद्दल मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, लोकांना रंग हवा असतो.

उजवा पाय वर-खाली, डावा पाय पुढे-मागे आणि वळण. सोपं वाटतं. पण सगळे जोड नव्याने बांधावे लागले, आणि माझ्याकडचे अर्धे होज आखूड पडले. मी दोनदा नवे कापून दिले. तिकडून मुलाचे फोन सुरू झाले, बॅग भरली का. अंकल म्हणायचे, "भरतोय, भरतोय." बॅगेत काय होतं ते मी पाहिलं होतं. एक वही.

नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे काळं रबर मागितलं. चांगलं नवीन शीट होतं, ते दाखवलं.

"हे नको. ट्रकच्या टायरचं पाहिजे. तारही."

"अंकल, कंपनीतून आली तशी करायची होती ना?"

"कंपनीवाल्याने वाळवंटात पाय ठेवून बघितला होता का? ते रबर तिचंच आहे आता."

दहाव्या दिवशी आम्ही पुन्हा मळ्यावर गेलो. म्हातारे खुर्चीत, काठी हातात. चाचा पिंजऱ्यात चढले, चपला काढल्या, रबरावर पाय ठेवले. पुढचं मी जमेल तसं सांगते. ते वर गेले आणि झाडाच्या शेंड्यापाशी थांबले. हातांनी घोस उघडला. घोस जरा लांब होता, तर पिंजरा आपोआप सरकल्यासारखा जवळ गेला. हात कामातून निघाले नाहीत. एक झाड झालं, लिफ्ट पुढच्या झाडाकडे चालत गेली, पुन्हा वर. त्या म्हाताऱ्या मालकांनी या वेळी काठी आपटली नाही. ती मांडीवर आडवी ठेवून नुसते बघत राहिले.

चाचा खाली आले आणि पिंजऱ्याची साखळी उघडी धरून म्हणाले, "आओ उस्ताद. अब आप."

"मशीन ऊपर, मैं नीचे," अंकल म्हणाले.

"दो दिन में जा रहे हो. फिर कब?"

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मी होज बघायला आलेय."

त्यांनी बूट काढले. मोजेही काढले, घडी करून बुटात ठेवले. पट्टा चाचांनी बांधला, मी ओढून पाहिला. ते पिंजऱ्यात उभे राहिले, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, आणि उजवा पाय हळूच दाबला.

अर्ध्यावर लिफ्ट थांबली.

मला वाटलं, आता उतरतील. त्यांचे तळवे खालच्या जाळीतून दिसत होते, तेवढेच. ते जाळीवरून रबरावर सरकले. मग उजवा पाय पुन्हा दाबला गेला आणि लिफ्ट वर गेली, झावळ्यांपर्यंत, झावळ्यांच्या आत. तिथे पोचल्यावर आधी एक हात कठड्यावरून सुटला. बऱ्याच वेळाने दुसरा.

ते खाली आले तेव्हा केसांत फुलोऱ्याची पांढरी पूड होती. मोजे घालताना म्हणाले, "वर वारा असतो गं बाय. खाली कळत नाही." मी मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी तिथेच उभं राहून भावाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

ठरलेल्या दिवशी ते गेले. निघायच्या आधी दुकानात आले, कागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "तुझं दार उघडं पडलं माझ्यामुळे." आत लिफ्टवरून काढलेली ती दोन लिव्हर होती, पट्टीवर एकत्र वेल्ड केलेली. वर टॉवेल शिवलेला. टाके मोठे होते, पण सरळ होते.

आता समोरच्या गाळ्यात दुसरा फोरमन आहे. बरा आहे. आधी खोलतो. मळ्यावरून मध्यंतरी खजुराचा खोका आला, मुलीने चार दिवसांत संपवला.

अंकल महिन्यातून एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी संदेश पाठवतात. मागे कोंबड्यांचा आवाज असतो. भाऊ आता नुसता 'माडा' म्हणतो, असं मागच्या वेळी सांगत होते. आणि शेवटी दर वेळी तोच प्रश्न: "दार अडतं ना नीट?"

अडत नाही. लिव्हर पेडलाएवढी जड नाहीत. वारा जरा जोरात आला की पट्टी घसरते आणि दार आपटतं. दुकानात याहून जड लोखंड हवं तेवढं पडलंय.

"अडतं," मी लिहिते. मग उठून पट्टी पुन्हा दाराला लावते.